चुटकीला काय पाहिजे असतं?

साताऱ्याजवळच्या एका गावातल्या आईनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझी मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत. मुलगा चार वर्षांचा. शाळेच्या गॅदरिंगला छोटा भीमचं नाटुकलं बसवलं. हिला भीम व्हायचं होतं, पण 'मुलींना भीम होता येत नाही' म्हणून हिला चुटकी दिली. आता ती स्वतःच तसं म्हणते. सगळं गुलाबी मागते, डोरेमॉन कार्टूनमधल्या शिझुकासारखं बारीक आवाजात बोलते, आरशापुढून हलत नाही. मुलगा उलट पोनीचं कार्टून लावून बसतो आणि ताईच्या क्लिपा केसांत लावतो. त्यावरून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चिडतात. कार्टून बंद करू का? का मुलीला मारामारीची कार्टून दाखवू, म्हणजे ती धीट होईल?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. कार्टून बंद करू नका. धीट व्हावी म्हणून मारामारीचं कार्टून मुद्दाम लावूही नका. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात: मुलीचं नटणं, तिला मिळालेली भूमिका आणि मुलाच्या क्लिपा. पहिली आणि तिसरी काळजी करण्यासारखी नाही. दुसरी आहे, आणि तिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय.

मी सांगलीत २६ वर्षं लहान मुलांबरोबर काम करते. सुरुवातीला बालवाडीत शिकवलं, मग समुपदेशनाचं शिक्षण घेतलं. आता मुलांशी आणि पालकांशी बोलते, अंगणवाडी सेविकांची प्रशिक्षणं घेते. मिरज, तासगाव, पलूस, इकडे तुमच्या कराडपर्यंत फिरणं होतं. या सगळ्या काळात मुलं काय बघतात यापेक्षा बघून झाल्यावर काय खेळतात, हे मी जास्त निरखलंय.

छोटा भीम २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झालं. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड कंपनीनं ते केलं. तेव्हा माझ्या बालवाडीत होती ती मुलं आता कॉलेज संपवून नोकरीला लागलीत, आणि तेच भीमाचं गाव, ढोलकपूर, आज तुमची मुलगी बघते. भीम, राजू, जग्गू माकड, कालिया, ढोलू-भोलू ही सगळी पोरं. मुली म्हणाल तर चुटकी, आणि महालात राजकुमारी इंदुमती. चुटकीची आई टुनटुन मौसी लाडू विकते. भीम लाडू खातो आणि त्याच्या अंगात बळ येतं. तो लाडू पुष्कळदा चुटकीच्या हातून येतो.

हे बघून शिकलेली माणसं लगेच म्हणतात, बघा, मुलीला लाडू पुरवायला ठेवलंय. मीही आधी हेच म्हणायची. मग तासगावकडच्या एका अंगणवाडीत मुलांना गोष्ट परत सांगायला लावली, तेव्हा पाच वर्षांची एक मुलगी म्हणाली, "चुटकीनं लाडू नसता दिला तर भीमानं मार खाल्ला असता." शेजारचा मुलगा म्हणाला, "पण फाईट तर भीमच करतोय." ती शांतपणे म्हणाली, "लाडू कुणी आणला?"

त्या मुलीची आई रोज सकाळी भाकऱ्या थापून द्राक्षबागेत कामाला जायची. भाकरी हलकी आणि कुस्ती भारी, अशी उतरंड त्या पोरीच्या डोक्यात अजून बसलेली नव्हती. ती आपण मोठी माणसं बसवतो. 'चुटकी काय, नुसती लाडू देते' असं आपण मुलीसमोर म्हणतो, तेव्हा तिच्या आईचं दिवसभराचं काम कमी दर्जाचं आहे हेच तिला ऐकू येतं. म्हणून चुटकीच्या लाडवावर माझा राग नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. इतकी वर्षं बघून कालियाला काय पाहिजे असतं ते मी झोपेतसुद्धा सांगेन: त्याला भीमाला हरवायचं असतं. राजूला भीमासारखं शूर व्हायचं असतं. जग्गूला खायला आणि खोड्या करायला पाहिजे असतं. चुटकीला काय पाहिजे असतं? विचार करायला लागतं. बहुतेक वेळा तिला भीम जिंकायला पाहिजे असतो. तिचा स्वतःचा हट्ट, तिची चूक, तिची फजिती, तिला लागलेलं एखादं वेड, यावरून गोष्ट सुरू झाली असं क्वचितच दिसतं. ती चांगली आहे, शहाणी आहे, कष्टाळू आहे. आणि गोष्ट दुसऱ्याची आहे.

२०२० च्या जूनमधला एक प्रसंग आठवत असेल. भीमानं राजकुमारी इंदुमतीशी लग्न केलं अशी समजूत सोशल मीडियावर पसरली आणि 'चुटकीला न्याय द्या' अशी लाटच आली. लहानपणी हे कार्टून बघितलेली मोठी मुलंमुली त्यात होती. ही सगळी अजून लहान मुलंच आहेत, असं शेवटी कंपनीला सांगावं लागलं. बऱ्याच जणांनी तो गमतीचा भाग मानला. मला मात्र तो न्याय हा शब्द लागला. चुटकीला न्याय म्हणजे भीमाशी लग्न, हे इतक्या सहज सगळ्यांच्या तोंडी आलं. तिला तिची स्वतःची मालिका द्या, असा न्याय मागताना मला तरी कुणी दिसलं नाही.

म्हणून मुलीबरोबर कुठलंही कार्टून बघताना एकच प्रश्न विचारत जा: "हिला काय पाहिजे होतं गं?" झगा कसला होता, रंग कुठला होता, मारामारी केली का, हे नंतर. तिला काही हवं होतं का, त्यासाठी तिनं काही केलं का, चुकली तर काय झालं. तुमची मुलगी दोन-तीन दिवसांत स्वतःच ओळखायला लागेल की अमक्या कार्टूनमधल्या मुलीला काहीच नको असतं.

आणखी एक बघायचं, मुली किती आहेत. सगळ्या पोरांत एकच मुलगी असण्याला काथा पॉलिट या अमेरिकन लेखिकेनं १९९१ साली स्मर्फेटचं नाव दिलं. स्मर्फ म्हणजे ते निळे बुटके. पेयो या बेल्जियन चित्रकाराच्या चित्रकथेत १९६६ साली त्यांच्या गावात एक मुलगी आली, स्मर्फेट, आणि तीही गार्गामेल नावाच्या खलनायकानं भांडणं लावायला तयार केलेली. बाकीच्या स्मर्फांना स्वभाव: एक आळशी, एक कुरकुऱ्या, एक शहाणपणा शिकवणारा. तिचा स्वभाव काय, तर ती मुलगी आहे. मुलगी एकटीच असली की मुलगी असणं हेच तिचं काम होऊन बसतं.

आपल्याकडे हे कळायला कार्टून लागत नाही. ग्रामपंचायतीत एखादीच बाई असायची तेव्हा तिला हळदीकुंकवापुरतं विचारायचे. आरक्षणानं चार-पाच आल्या तशी एक पाण्यावर बोलायला लागली, एक रस्त्यावर, आणि एक सरळ सरपंचाशी भांडायला लागली. आता त्यांना कुणी नुसत्या 'बायका' म्हणत नाही, नावानं ओळखतात. १९९८ साली आलेल्या पॉवरपफ गर्ल्स या कार्टूनमध्ये हेच आहे. ब्लॉसम, बबल्स आणि बटरकप. एक पुढारी, एक हळवी, एक तापट. डोळे मोठे, रंग गोड, आणि तिघी मिळून शहर वाचवतात. बबल्स रडूबाई आहे म्हणून सगळ्या मुली रडूबाई असं कुठलंच मूल म्हणत नाही, कारण शेजारी बटरकप उभी असते. पॉ पेट्रोल हे कुत्र्याच्या पिल्लांचं कार्टून सुरू झालं तेव्हा सहा पिल्लांत स्काय एकटीच मुलगी होती, आणि तिला गुलाबी दिला. हेलिकॉप्टर चालवते ती, तरी मुलांच्या तोंडी 'ती गुलाबीवाली'.

आता आरशाबद्दल. १९२८ सालच्या मिनी माऊसकडे बघा. मिकीला पापण्या, फुलाची टोपी, घागरा आणि उंच टाचा घातल्या की मिनी झाली. म्हणजे साधा उंदीर तो पुरुष, आणि त्याच्यावर वरून काहीतरी लावलं की ती बाई. ही चित्रकाराची सोय पुढे जवळजवळ शंभर वर्षं चालली. कार्टूनमध्ये गाडी असो, गाजर असो की डायनोसॉर, पापण्या दिसल्या की मुलगी. मूल हे अक्षर फार लवकर वाचायला शिकतं.

पण आपण सांगलीत बसून याला परकं म्हणू शकत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच सीतास्वयंवर हे नाटक उभं केलं आणि सीता पुरुषानंच केली. पुढे नागठाण्याचे बालगंधर्व. १९१३ मध्ये त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि त्यांनी रंगमंचावर जसा शालू नेसला, जसा अंबाडा घातला, जसा गजरा माळला, तसं घरंदाज बायका करायला लागल्या. एका पुरुषानं निरखून, घोटून रचलेलं बाईपण बघून खऱ्या बायका पदर घ्यायला शिकल्या. माझी आजी हे कौतुकानं सांगायची. तिला त्यात खोटं काही वाटत नव्हतं. जपानात याच्या उलट झालं. १९७९ ते २००५ इतकी वर्षं डोरेमॉनचा आवाज नोबुयो ओयामा या बाईंचा होता. ड्रॅगन बॉल कार्टूनमधल्या लढवय्या गोकूचा आवाजही मासाको नोझावा या बाईंचा. बाईपण काय, पुरुषपण काय, ते चालीत, आवाजात, हाताच्या फिरकीत वठवता येतं. तुमची मुलगी आरशापुढे शिझुकासारखं बोलते तेव्हा ती हेच करून बघते आहे. बालगंधर्वांना बघून घरी येऊन पदर सावरणाऱ्या त्या बायकांसारखंच. तिला करू द्या. उद्या ती मांजरीसारखं करेल, परवा तुमच्यासारखं.

यात वयाचा मोठा भाग आहे, तो नीट समजून घ्या. लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली मांडलं की 'मी मुलगी' हे मूल दोन-तीन वर्षांचं असताना सांगतं, पण कपडे, केस, खेळ बदलले तरी आपण मुलगीच राहतो ही पक्की समजूत यायला साधारण सहावं-सातवं वर्ष उजाडावं लागतं. तोवर आतून धाकधूक असते. केस कापले तर? पँट घातली तर? म्हणून पाच-सहा वर्षांची मुलं नियम घट्ट धरतात. मोठ्या माणसांपेक्षाही घट्ट. मिरजेतला एक मुलगा मला ठामपणे म्हणाला, "कंडक्टर पुरुषच असतात." त्याची आई एसटीत कंडक्टर. मी विचारलं, "मग तुझी आई?" तो म्हणाला, "ती आई आहे." त्याला खोटं बोलायचं नव्हतं. त्याच्या डोक्यात दोन फडताळं होती आणि आई एकाच फडताळात मावत होती. सात-आठनंतर ही पकड आपोआप सैल होते. तुमची मुलगी सहाची आहे, म्हणजे हट्टाच्या अगदी शिखरावर. गुलाबी हा तिचा आधार आहे, हिसकावून घेऊ नका.

परीकथेतल्या राजकन्यांबद्दल एक अभ्यास सांगते, कारण मी स्वतः त्यातून शिकले. साराह कॉइन आणि सहकाऱ्यांनी १९८ लहान मुलांना घेऊन २०१६ मध्ये दाखवलं की राजकन्यांत जास्त रमणारी मुलं वर्षभरानंतर मुलींसाठी ठरवलेलं वागणं जास्त करतात. तेव्हा सगळीकडे घबराट झाली. पण त्याच गटाकडे त्या पाच वर्षांनी परत गेल्या, आणि २०२१ मध्ये छापलं की लहानपणी राजकन्यांत रमलेल्या मुलांना, मुलग्यांनाही, पुढे आपल्या शरीराबद्दल जास्त बरं वाटत होतं आणि मर्दपणाच्या ताठ कल्पना त्यांच्यात कमी होत्या. राजकन्या होऊन बघितल्यानं कुणाचं वाटोळं झालं नाही. मी तोवर पालकांना 'राजकन्या कमी करा' असं सांगत होते, ते तेव्हापासून थांबवलं.

आता शिझुका. तुम्ही ते नाव एका वाक्यात उडवलंत, पण माझ्या कामात ती फार मोठी आहे.

ऊसतोडीच्या दिवसांत एका कारखान्याच्या तळावर मुलांसोबत बसायला मी काही वर्षं जात होते. पालांच्या समोर सात-आठ वर्षांची एक मुलगी, कडेवर धाकटा भाऊ, हातात बापाचा फोन. फोनवर डोरेमॉन. मी शेजारी बसले. ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "हिला कामच नाय." शिझुकाला. मग म्हणाली, "हिला खोली हाय. आन् न्हाणीला दार हाय." बराच वेळ काही बोलली नाही. भावाचं नाक पुसलं आणि परत बघायला लागली.

त्या दिवसानंतर 'शिझुका किती नाजूक, किती दुबळी' असं मला कधी म्हणता आलं नाही. आपल्याला जे फिक्कं वाटतं ते त्या पोरीला चैन वाटत होतं. गरम पाणी, बंद दार, स्वतःचा पियानो, भावंड सांभाळायला नाही. मुलीच्या आयुष्यात कुणीतरी एवढी मोकळीक ठेवलीय, हेच तिच्यासाठी नवल होतं.

आणि नेमका त्याच दारावर डोरेमॉनमधला मला न पटणारा भाग येतो. डोरेमॉनचा दोस्त नोबिता कुठेही नेणाऱ्या जादूच्या दरवाजातून थेट शिझुकाच्या न्हाणीत पोचतो, ती किंचाळते, पाणी फेकते, आणि सगळे हसतात. मूळ चित्रकथा १९६९-७० ची, हा विनोद तेव्हापासून पुन्हा पुन्हा आला. शिझुकाचं मुलीसारखं असणं मला खुपत नाही. तिच्या दाराला मान नाही, हे खुपतं. असा प्रसंग आला की मी फोन हातात घेते आणि मुलांना विचारते, "आता नोबितानं काय करायला पाहिजे?" मुलं लगेच सांगतात: डोळे मिटायचे, सॉरी म्हणायचं, परत जायचं, पुढच्या वेळी दार वाजवायचं. मुलग्यांना हे जास्त विचारा. दोन मिनिटांत होतं, आणि कुठल्याही लांबलचक उपदेशापेक्षा चांगलं मुरतं.

शिझुकाला काय पाहिजे असतं, हे मात्र सांगता येतं. तिला भाजलेली रताळी प्रचंड आवडतात आणि ते कुणाला कळू नये म्हणून ती धडपडते. आई पियानोला बसवते, पण जीव व्हायोलिनवर. व्हायोलिन ती इतकं बेसूर वाजवते की ऐकणारे पळतात, आणि ती डोळे मिटून रमलेली असते. तुमच्या मुलीला शिझुका व्हायचंय ना? मग तिला व्हायोलिनवाली शिझुका होऊ द्या. लाटणं आणि उलथनं द्या हातात, आणि घरातल्या सगळ्यांनी कान धरून पळा. बारीक आवाज कसा सुटतो बघा. डोरेमॉनच्या बहिणीबद्दलही तिला सांगा. डोरेमॉनचं बळ १२९.३ अश्वशक्ती, डोरामीचं १०,०००. आणि डोरामीच्या डोक्यावर मोठा लाल बो आहे. बो लावून बळ कमी होत नाही, हे तिला आकड्यातून कळेल. मुलांना आकडे फार पटतात.

भाषेचंही बघा. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या बायका सर्रास "मी येतो, मी करतो" म्हणतात. माझी आई म्हणायची. टीव्हीवरच्या हिंदीत मुलगी झाली की 'करूँगी', मुलगा झाला की 'करूँगा', मधलं काही नाही, अगदी उंदीर-मुंगीलासुद्धा एक बाजू घ्यावीच लागते. मराठीत आपल्याकडे 'ते' आहे. ते पिल्लू, ते कोकरू, ते पाखरू, ते वासरू. छोट्यांना गोष्ट सांगताना मी हे मुद्दाम वापरते. "ते कोकरू डोंगरावर गेलं." मुलगा का मुलगी, ज्याचं त्यानं ठरवावं. 'तो हत्ती, तो ससा, तो अस्वल' अशी सगळी जनावरं पुरुष करण्याची सवय आपल्याला कार्टूननं लावलीय. अस्वल तर मराठीत मुळात 'ते' आहे. ब्लुई हे ऑस्ट्रेलियातलं कार्टून २०१८ साली आलं. त्यातली ब्लुई आणि बिंगो या दोघी बहिणी. निळी आहे म्हणून आमच्याकडची मुलं ब्लुईला हमखास 'तो' म्हणतात. ती मुलगी आहे हे कळल्यावर एकदा मुलं पाच मिनिटं गप्प झाली होती. मग एक जण म्हणाला, "चालतंय." आणि परत बघायला लागला. ब्लुईत मुलीपणाचा वेगळा शिक्का नाही, आणि बाबा मुलींसोबत घोडा होऊन खेळतो. तुमच्या घरी दिसत असेल तर दोघांना एकत्र दाखवा.

आता धाकट्याकडे येते, आणि आत्यांकडे. आत्यांशी भांडू नका. त्यांना भीती आहे ती लोक हसतील याची, आणि गावात राहून ती भीती खोटी म्हणता येत नाही. पण त्यांना काही आठवणी विचारा. जोतिबाच्या यात्रेत गुलालानं न्हालेले पुरुष कुठल्या रंगाचे दिसतात? लग्नात घरातल्या थोरल्यांनी गुलाबी फेटा बांधला होता का? गोकुळाष्टमीला नातवाला बाळकृष्ण करताना काजळ कुणी घातलं, ओठ कुणी रंगवले, पायात वाळे कुणी बांधले? बहुतेक आज्जीनंच. गुलाबी म्हणजे मुलींचा रंग, ही आपली परंपरा नव्हे. ती खेळण्यांच्या दुकानातून आलीय. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास मुलांच्या कार्यक्रमांवरचे नियम सैल झाले आणि खेळणी विकण्यासाठीच कार्टून काढायची पद्धत बोकाळली. मुलग्यांच्या कपाटात तलवारी, मुलींच्या कपाटात गुलाबी घोडे. एका घरात दोन्ही कपाटं विकली जातात, हिशेब सरळ आहे. तुमचा मुलगा बघतो त्या पोनी त्याच खेळण्यांतून आल्या. पण २०१० साली लॉरेन फॉस्ट या कार्टून करणाऱ्या बाईंनी त्यांना नव्यानं घडवलं तेव्हा प्रत्येकीला वेगळा स्वभाव दिला: एक पुस्तकी किडा, एक शेतकरीण, एक शर्यतीची वेडी. सगळी गोष्ट मैत्री तुटण्याची आणि परत जुळवण्याची. चार वर्षांच्या मुलग्यानं यातून माफी मागायला शिकणं मला कुठल्याही गदायुद्धापेक्षा मोलाचं वाटतं. आणि क्लिपांचं म्हणाल तर त्याला ताई आवडते. ताईसारखं दिसायचंय, बस.

त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी मिळून एक जुनी कार्टूनची गोष्ट शोधा: मीना. युनिसेफनं नव्वदच्या दशकात दक्षिण आशियासाठी केलेली. आपले राम मोहन यांनी ती चित्रं घडवली. मीना, भाऊ राजू आणि मिठू पोपट. एका भागात आंबा वाटताना राजूला मोठा वाटा मिळतो, मीना विचारते का, आणि एक दिवस दोघं कामं बदलतात. राजूला दिवसभर घरकाम करून धाप लागते. आपल्या शाळांमधला मीना राजू मंच याच दोघांच्या नावाचा. चित्रं आजच्या मुलांना साधी वाटतील, पण आंब्याच्या वाटणीवर सगळी मुलं पोटतिडकीनं बोलतात.

वेळेचं एका ओळीत सांगते. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाहून जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. धाकट्यासाठी ते पाळा, आणि त्या तासातला थोडा तरी वेळ शेजारी बसा.

राहिलं ते नाटुकलं. हे मी मनावर घेतलंय, कारण इथं मुलीनं काहीतरी मागितलं आणि तिला सांगितलं गेलं की ते मागायचंच नसतं. कार्टूनमधल्या चुटकीला काही पाहिजे नसतं. तुमच्या मुलीला पाहिजे होतं. शाळेत जाऊन बाईंशी बोला. भांडायला नको. गॅदरिंगच्या धांदलीत तीस-चाळीस मुलं सांभाळताना माणूस तोंडाला येईल ते बोलून जातो, मी स्वतः बोललेय. एवढंच सांगा: "बाई, ती आता घरी म्हणते की मुलींना भीम होता येत नाही. तुम्ही एकदा वर्गात म्हणाल का, की येतं?" सहा वर्षांच्या मुलीला आईपेक्षा बाईंचं खरं वाटतं, त्यामुळे ते वाक्य बाईंच्या तोंडून यायला पाहिजे. बाईंना पटलं तर पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकून भूमिका द्यायला सुचवा. आम्ही बालवाडीत तसंच करायचो. भीम कधी मुलगी, कधी मुलगा, आणि एकदा कालिया झालेल्या पोरीनं सगळ्यांचा घाम काढला होता.

तिला खऱ्या माणसांचीही ओळख करून द्या. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. इकडे सांगलीत वाढलेली स्मृती मानधना थोरल्या भावाचं बघून बॅट धरायला शिकली. फोटो दाखवा. धनुष्य ओढताना अदितीचे केस कसे बांधलेत, हे तुमची मुलगी आधी विचारेल. सांगा तिला. मग बाण कसा सोडतात ते विचारेल.

आणि या रविवारी अंगणात ढोलकपूर मांडा. आजूबाजूच्या पोरांना बोलवा. मुलगी भीम. धाकटा चुटकी व्हायला एका पायावर तयार होईल, क्लिपा त्याच्याकडे आहेतच. पण गोष्टीत एवढा बदल करा: लाडू संपलेत, गूळ आणायला नदीपलीकडे जायचंय, आणि जायचं की नाही हे चुटकीनं ठरवायचं. दुसऱ्या फेरीला भूमिका बदला. आत्यांना टुनटुन मौसी करा आणि लाडू खरेच ठेवा, शेंगदाण्याचे. वळायला दोघांनाही बसवा.